एकशेआठ नंबरवर कोण आहे?

माझ्या आईला मी नेमकं काय काम करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती सटाण्याकडची. शेजारणीला अभिमानाने सांगायची, "मना पोऱ्या वायरी जोडस." तीस वर्षं या धंद्यात काढल्यावर वाटतं, तिचंच बरोबर होतं. मी वायरी जोडतो. एका कॉम्प्युटरचं दुसऱ्याशी बोलणं बंद पडलं की लोक मला बोलावतात, आणि बोलणं सुरू झालं की मला विसरतात. विसरले म्हणजे काम चांगलं झालं असं आमच्यात समजायचं.

मोठमोठ्या कंपन्यांची जाळी सांभाळणारे तज्ज्ञ वेगळे. ते काचेच्या खोलीत बसतात. मी छोट्या नेटवर्कचा माणूस. एखादा-दुसरा सर्व्हर, वीस-पंचवीस कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला स्विच, एवढा माझा संसार. सर्व्हर म्हणजे तरी काय, तोही कॉम्प्युटरच, फक्त तो बाकीच्यांसाठी राबतो. सगळ्यांची माहिती सांभाळतो आणि मागेल त्याला देतो. स्विच म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी. आणि प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, गल्लीतल्या घरांना असतो तसा. निरोप त्या नंबरावर जातो. एवढं कळलं तरी माझा निम्मा धंदा कळला.

उरलेला निम्मा अनुभवाने कळतो. त्र्यंबकेश्वरला एका यात्री निवासात दर पंधरा दिवसांनी नेट बंद पडायचं. जाऊन बघतो तर स्विच आणि प्रसादाची खोकी एकाच कपाटात. उंदीर यायचे प्रसादासाठी आणि जाता जाता माझ्या वायरीची चव घेऊन जायचे. मी म्हटलं, प्रसाद दुसरीकडे ठेवा. व्यवस्थापक म्हणाले, "स्विच हलवा. प्रसादाची जागा ठरलेली आहे." हलवला. देवळ्याला एका कांदा व्यापाऱ्याकडे तर वायर चक्क वजनकाट्याखालून गेलेली निघाली. गोणी चढली की कॉम्प्युटर मुका, गोणी उतरली की बोलका. तिथल्या हमालांना हे केव्हाचं माहीत होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

अशा गोष्टींतून मी माझी एक पद्धत बसवली. आधी वीज बघायची, मग वायर, मग नंबर, आणि सगळ्यात शेवटी माणूस. लोक नेमकं उलटं करतात. काही बिघडलं की आधी माणूस पकडतात. मी ही पद्धत कॉलेजातल्या मुलांना भाषणात सांगितली आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. म्हणूनच हॉस्पिटलची गोष्ट इथे लिहायला मला जरा जड जातंय.

हे हॉस्पिटल नाशिकमधलंच, चाळीस खाटांचं. नाव सांगत नाही. तिथलं नेटवर्क पहिल्या वायरीपासून मी उभं केलेलं. तळमजल्यावर ओपीडी, तिला लागून रक्त-लघवी तपासणीची लॅब, आणि वर वॉर्ड. लॅबमध्ये एक सर्व्हर. तपासणीच्या मशीनमधून आलेले आकडे तो गोळा करतो आणि रिपोर्ट तयार झाला की वरच्या मजल्यावरच्या मुख्य सर्व्हरला पाठवतो. वॉर्डातले डॉक्टर तो मुख्य सर्व्हरवर बघतात. मुख्य सर्व्हरला मी दोन दारं ठेवली होती, एक वॉर्डांसाठी आणि एक फक्त लॅबसाठी. लॅबकडच्या दाराला नंबर दिला होता एकशेआठ.

हा नंबर मी का दिला? हॉस्पिटलचे मालक, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात, त्यांना एकशेआठ लाभतो. जपमाळेचे मणी एकशेआठ, त्यांच्या गाडीच्या नंबरात एकशेआठ. सर्व्हर बसवताना ते म्हणाले, "देवरे, आपला आकडा ठेवा." आमच्या दृष्टीने सगळे नंबर सारखेच. त्यांचा आकडा ठेवला. ते खूश, मी खूश.

सगळ्या नंबरांची यादी मी माझ्या वहीत लिहून घेतली. हॉस्पिटलला तिची प्रत दिली नाही. विसरलो असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. यादी माझ्याकडे असली की मला बोलवावंच लागतं. धंद्यातले बहुतेक जण असंच करतात आणि मीही केलं.

गेल्या वर्षी एके दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास मोठ्या साहेबांचा फोन आला. मी घरी होतो. "देवरे, लॅबचे रिपोर्ट वॉर्डात वेळेवर दिसत नाहीत. पंधरा-वीस दिवस झाले. आज तर एका म्हाताऱ्या पेशंटचं सोडियम घसरलेलं होतं आणि आमच्या स्क्रीनवर रिपोर्टच नाही. थोडक्यात निभावलं. नेटवर्कचं काही आहे का ते आत्ता सांगा."

मी घरूनच माझ्या लॅपटॉपवरून लॅबच्या सर्व्हरमध्ये शिरलो. दोन यंत्रांचं बोलणं चालू आहे का हे बघायला आमच्याकडे एक साधी हाक असते, तिला पिंग म्हणतात. आपण एका नंबरला हाक मारायची, तिकडून 'ओ' येते. चार वेळा हाक जाते, चार वेळा ओ यायला हवी. मी एकशेआठला हाक मारली. चारही उत्तरं ठणठणीत आली. मग मुख्य सर्व्हरवरची नोंद उघडली, कोणता रिपोर्ट किती वाजता आला त्याची. ती बघून तर माझी खात्रीच पटली. रोज सकाळी नऊनंतरचे सगळे रिपोर्ट दुपारी पावणेदोनच्या आसपास दोन-तीन मिनिटांत धडाधड आलेले. दोनला सकाळची पाळी संपते. म्हणजे कोणीतरी दिवसभर रिपोर्ट साठवून ठेवतंय आणि घरी जाताना एकदम टाकतंय. दुपारच्या पाळीचे रिपोर्ट मात्र वेळच्या वेळी.

हॉस्पिटलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांनी मलाही घेतलेलं आहे. पन्नास-साठ माणसं आहेत त्यात. मी तिथे लिहिलं, 'नेटवर्क ओके आहे. सकाळच्या पाळीत लॅबकडून एंट्री उशिरा होते आहे.' सात-आठ अंगठे आले. वीस मिनिटांत प्रश्न सोडवला म्हणून मी स्वतःवर खूश होऊन जेवायला बसलो.

सकाळच्या पाळीला लॅबमध्ये साळवे मॅडम असतात. सोळा वर्षं त्याच लॅबमध्ये, आता प्रमुख. मी त्यांना ओळखत होतो ते येता-जाता नमस्कार करण्यापुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"देवरे सर, काल संध्याकाळी मला मेमो मिळाला. पेशंटच्या जिवाशी खेळ, असं लिहिलंय. शनिवारी कमिटीसमोर बोलावलंय. मेमोला तुमचा मेसेज जोडलाय."

मी म्हटलं, "मॅडम, मी फक्त मशीनमध्ये दिसलं ते लिहिलं."

"तेच म्हणतेय मी. तुम्ही मशीनला विचारलंत. मला नाही विचारलंत. कमिटीने काढलं तर सोळा वर्षांनंतर या कारणासाठी काढलेल्या बाईला नाशिकमध्ये कोणती लॅब घेईल? तुम्ही एकदा इथे या. फोनवर नको. आणि सकाळी या, नऊनंतर."

पुढच्या दिवशी मी गेलो. खरं सांगायचं तर चूक शोधायला गेलो नाही. बाईमाणूस आहे, समजावून सांगावं, एवढ्याच मोठेपणाने गेलो. अकरा वाजले होते. ओपीडी गच्च भरलेली. भिंतीवरच्या पडद्यावर लाल अक्षरात टोकन नंबर बदलत होते आणि निवृत्तीभाऊ, तिथले जुने शिपाई, गर्दीला थोपवत उभे होते.

लॅबमध्ये साळवे मॅडमनी एक शंभर पानी वही माझ्यापुढे सरकवली. बावीस दिवसांची नोंद. रिपोर्ट कोणाचा, पाठवण्याचं बटण किती वाजता दाबलं, वॉर्डात केव्हा दिसला. "नऊच्या आधीचे रिपोर्ट लगेच जातात," त्या म्हणाल्या. "नऊनंतर एकही जात नाही. प्रोग्राम नुसता फिरत राहतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आणि दीड-पावणेदोनला सगळे आपोआप जातात. मी हात लावत नाही. परवा त्या आजोबांच्या रिपोर्टसाठी वॉर्डात दोनदा फोन केला, लागला नाही. शेवटी कागद घेऊन मीच जिना चढले."

"हे तुम्ही साहेबांना दाखवलं?"

"दाखवलं. ते म्हणाले, वहीत काय, कोणीही काहीही लिहितं."

मी लॅबच्या सर्व्हरसमोर बसलो आणि एकशेआठला हाक मारली. चार उत्तरं आली. मी खुर्ची वळवली आणि त्यांना स्क्रीन दाखवली. "हे बघा मॅडम, मुख्य सर्व्हर उत्तर देतोय. रस्ता मोकळा आहे."

त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उत्तर आलं हे बरोबर. पण ते मुख्य सर्व्हरचंच आहे कशावरून?"

"एकशेआठ नंबर त्याचाच आहे."

"सर, आमच्याकडे रक्ताची नळी येते. नळीत रक्त आहे म्हणून ते त्याच पेशंटचं आहे असं आम्ही धरत नाही. नाव बघतो, मग कागदावरचं नाव बघतो, दोन्ही जुळलं तरच मशीनला लावतो. तुम्ही कोणाचं नाव बघितलंत?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी उठलो आणि वर गेलो. मुख्य सर्व्हरच्या खोलीत जाऊन लॅबकडची वायर सरळ उपसून काढली आणि हातात धरूनच खाली मॅडमना फोन लावला. "स्क्रीनवर काय दिसतंय? मी सांगतो ते बटण दाबा."

"दाबलं," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "चार उत्तरं आली."

वायर माझ्या हातात लोंबकळत होती आणि एकशेआठ नंबरवरून कोणीतरी आनंदाने ओ देत होतं. काय झालं असणार ते मला त्या क्षणी कळलं होतं, फक्त तो दुसरा एकशेआठ कोण, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

गल्लीत एकाच नंबराची दोन घरं असली तर पोस्टमन काय करेल? ज्याने शेवटचं "मीच तो" म्हटलं त्याच्या दारात टपाल टाकेल. यंत्रंही तेच करतात. कोणीतरी रोज नऊला उठून "मी एकशेआठ" म्हणून सांगत होतं, लॅबचा सर्व्हर बिचारा विश्वास ठेवून रिपोर्ट त्याच्याकडे नेत होता, आणि त्याला त्या रिपोर्टचं काय करायचं ते माहीत नव्हतं. पिंगला मात्र कोणतंही यंत्र उत्तर देतं. त्यासाठी अक्कल लागत नाही. बिघाड लपवायला माझीच हाक कारण झाली होती.

वायर तशीच काढून ठेवून मी खाली आलो. लॅबच्या स्विचला नऊ वायरी होत्या. मी सर्व्हरवर अखंड हाक चालू ठेवली आणि मॅडमना म्हटलं, उत्तर थांबलं की सांगा. एकेक वायर काढून परत लावत गेलो. पहिली, दुसरी, तिसरी. सहावी काढली तशा मॅडम म्हणाल्या, "थांबलं." आणि त्याच क्षणी बाहेर ओपीडीत गलका झाला. दार ढकलून निवृत्तीभाऊ आत आले.

"देवरेभाऊ, काय केलं वो? टोकन बंद पडलं. चौतीसवर अडकलंय. लोकं माझ्या अंगावर यायला लागले."

टोकनचा डबा. पडद्यामागचा तो वीतभर डबा, महिन्याभरापूर्वी बसवलेला. बसवणाऱ्याला जवळची रिकामी खोबण लॅबच्या स्विचवर दिसली आणि त्याने वायर तिथे खुपसली. मी विचारलं, "निवृत्तीभाऊ, हे मशीन तुम्ही किती वाजता चालू करता?"

"नऊला. ओपीडी सुरू व्हायच्या टायमाला. अगरबत्ती लावतो, मंग बटन दाबतो."

"आणि बंद?"

"दीड-पावणेदोनला, गर्दी सरली की. दुपारून टोकन नसतं ना."

"याला नंबर कोणी दिला, काही माहीत आहे?"

"म्या व्हतो ना तिथं. त्या वायरवाल्यानं साहेबांना इचारलं, नंबर कोनता देऊ. साहेब म्हनले, एकशेआठ दे, आपल्याला लय लाभतो."

साळवे मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला हसू आलं नाही. त्या वायरवाल्याला मोकळा नंबर कोणता आहे ते कळायला यादी लागली असती, आणि यादी माझ्या घरी कपाटात होती. नंतर बघितलं तर मुख्य सर्व्हरने दोन यंत्रांचा एकच नंबर असल्याचा इशाराही रोज सकाळी लिहून ठेवला होता. मी ते पान उघडलंच नव्हतं. मला हवी ती नोंद सापडल्यावर पुढचं कशाला बघतोय?

टोकनच्या डब्याला मी दुसरा नंबर दिला. पाच मिनिटांचं काम. दोन्ही वायरी जागच्या जागी लावल्या. मॅडमच्या स्क्रीनवर अडकलेले सगळे रिपोर्ट भराभर निघून गेले आणि बाहेर पडद्यावर पस्तीस नंबर आला.

मी मोठ्या साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. एकशेआठचं ऐकून ते आधी हसले, मग ओशाळले. माणूस वाईट नाही. पेशंटसाठी जीव टाकतात आणि म्हणूनच भडकले होते. त्यांनी लगेच मेमो मागे घेतल्याचं पत्र टाइप करायला सांगितलं, शनिवारची कमिटी रद्द केली. मी म्हटलं, ग्रुपवरही लिहितो.

"लिहा की. 'तांत्रिक बिघाड होता, दूर केला,' एवढंच लिहा. कोणाचं नाव कशाला?"

दहा वर्षांपूर्वीचा मी असतो तर तेवढंच लिहिलं असतं. 'तांत्रिक बिघाड' हा शब्द आमच्या धंद्यात फार कामाचा आहे. त्यात सगळे सुटतात, बिघडवणाराही आणि न बघणाराही. पण मी म्हटलं, "साहेब, मेमोत मॅडमचं नाव होतं. माझ्या मेसेजमध्ये सकाळची पाळी लिहिली होती, म्हणजे तेही त्यांचंच नाव झालं. आता नाव टाकायचं नाही म्हणजे कसं?"

"माझंही टाका मग," साहेब म्हणाले. "नंबर मीच सांगितला होता."

मी लॅबमध्ये परत आलो, स्टुलावर बसलो आणि फोनवर लिहायला लागलो. अंगठ्याने टाइप करायची मला सवय नाही, वेळ लागला. लिहिलं ते असं:

'माझा परवाचा मेसेज चुकीचा होता. लॅबकडून उशीर झालेला नाही. साळवे मॅडमनी प्रत्येक रिपोर्ट वेळेवर पाठवला होता. दोन यंत्रांना एकच नंबर दिल्यामुळे तो पोचत नव्हता. तो नंबर मोठ्या साहेबांनी सांगितला होता आणि नंबरांची यादी मी हॉस्पिटलला दिली नव्हती. मी प्रत्यक्ष न येता, मॅडमना न विचारता निष्कर्ष काढला. चूक माझी आहे. यादी आज दुपारी लॅबच्या भिंतीवर लावतो. देवरे.'

पाठवलं. समोर काउंटरवर मॅडमचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं नाही. मी ग्रुपकडे बघत होतो. परवा सात-आठ अंगठे आले होते, आज एकही येत नव्हता. पन्नास-साठ माणसं वाचत होती. बावीस दिवस मॅडमना कोणी जिन्यावर टोमणे मारले असतील, कोणी डबा खाताना विषय काढला असेल. ते सगळं मीच माझ्या सहीने खरं ठरवलं होतं. धंद्यात मी चुका पुष्कळ केल्या, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला. मला उद्देशून नव्हता.

'१२:०५ ला बेड अकराचा रिपोर्ट पाठवला आहे. वॉर्डात दिसतोय का?'

अर्ध्या मिनिटात वरून सिस्टरचं उत्तर आलं, 'दिसतोय मॅडम.' आणि तिच्याचकडून लगेच दुसरं, 'सॉरी मॅडम.'

त्याला साळवे मॅडमनी उत्तर दिलं नाही. बेड चौदाचा रिपोर्ट तयार झाला होता, त्या तो पाठवायला गेल्या.